फवारा बंद होता

कारखान्यात तिला तोंडावर सगळे बाईसाहेब म्हणत आणि पाठीमागे करवत. हे दुसरं नाव तिच्या कानावर आलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही होतं. करवत सरळ चालते, मध्ये काय आलं ते बघत नाही. नवरा छातीत कळ येऊन तासाभरात गेला, तेव्हा मागे उरलं होतं काय, तर पत्र्याची एक शेड, दगड कापायचं एक मशीन आणि शाळेत जाणारा मुलगा. नातेवाईक म्हणाले, आता ही मशीन भंगारात घालेल आणि भावाच्या दारात जाऊन बसेल. ती गेली नाही. उलट तिनं भावालाच आपल्याकडे कामाला आणलं. पंधरा वर्षांत एका शेडच्या चार शेड झाल्या. स्वयंपाकघराचे ओटे, हॉटेलांचे जिने, बँकांच्या फरश्या, सगळीकडे बाईचा दगड.

भाऊ तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं तिनंच केलेलं. घरात त्याला धाकटा म्हणत, तेच नाव चिकटलं. चाळिशी ओलांडली तरी तो धाकटाच राहिला. कारखान्यात तो दुसऱ्या शेडचा मुकादम होता. मालकिणीचा भाऊ म्हणून कधी मिरवला नाही. डबा कामगारांबरोबर खायचा, आणि रविवारी सकाळी बायकोला घेऊन चर्चला जायचा. लहानपणी आई दोघांनाही तिथं न्यायची. बाईनं मात्र नवरा गेला त्या वर्षी चर्चचा उंबरठा सोडला तो सोडलाच. "देवाला माझ्याकडे बघायला वेळ नाही, मला त्याच्याकडे बघायला नाही," असं ती म्हणायची, आणि फिटंफाट झाली असं समजायची.

आता पाण्याचं सांगायला हवं. दगड कापताना पात्यावर सतत पाण्याचा फवारा सोडावा लागतो. पाणी असलं की दगडाची भुकटी चिखल होऊन खाली बसते. नसलं की ती पिठासारखी हवेत उडते, माणसाच्या श्वासाबरोबर आत जाते आणि छातीत घर करते. हे कारखान्यातल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं. पण चिखल उपसायला माणसं लागतात, आणि ओला दगड वाळेपर्यंत गाडीत भरता येत नाही. सहा वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉटेलचं काम आलं. तारीख डोक्यावर होती. बाईनं भावाला ऑफिसात बोलावून सांगितलं, "महिनाभर फवारे बंद ठेव."

"ताई, धूळ फार होईल."

"तोंडाला फडकी बांधा म्हणावं. महिन्याचा तर प्रश्न आहे."

महिना संपला. पण झटपट उरकणाऱ्या कामाची चटक लागली होती. पुढचं काम आलं, त्याच्या पाठोपाठ त्याच्या पुढचं आलं, आणि फवारे बंद ते बंदच राहिले. तपासणीची तारीख आधी कळायची. तेवढ्या दिवसापुरते नळ सुटायचे. दर महिन्याला एका कागदावर 'फवारे चालू आहेत' असं लिहिलेलं असायचं आणि खाली मुकादमाची सही.

चौथ्या वर्षी पहिला माणूस खोकायला लागला. तो गावी निघून गेला आणि तिथंच वारला. सहाव्या वर्षी दुसऱ्या शेडमधली चार माणसं एकाच हॉस्पिटलात होती, आणि त्यातला एक धाकटा होता.

डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरून दाखवला. म्हणाले, "हे काळं दिसायला हवं. हे सगळं पांढरं आहे ना, ती दगडाची धूळ. आता औषधानं निघायची नाही ती."

बाईनं भावासाठी सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली घेतली. मोठी खिडकी, पाहुण्यांसाठी सोफा, स्वतंत्र नर्स. परदेशातल्या एका डॉक्टरला फोटो पाठवले. त्यानंही तेच सांगितलं, फक्त जास्त पैसे घेऊन. खाटेवरचा धाकटा दिवसेंदिवस उशीत बुडत चालला होता. नाकाला नळी, गळ्याची हाडं वर आलेली. एक वाक्य बोलायला त्याला तीनदा थांबावं लागायचं.

एका गुरुवारी दुपारी बाई आली ती काम घेऊनच आली. तिनं नर्सला बाहेर पाठवलं आणि खुर्ची खाटेजवळ ओढली.

धाकटाच आधी बोलला. "ताई, मला खाली हलव."

"खाली म्हणजे?"

"जनरल वॉर्डात. पैलवान आहे तिथं. बाकीचे दोघं पण."

पैलवान म्हणजे दुसऱ्या शेडचा कापणारा. दोन माणसांचा दगड एकटा उचलायचा, म्हणून ते नाव. आता त्याला पाण्याचा पेला दोन हातांनी धरावा लागत होता.

"वेडा आहेस का? तिथं एका खोलीत वीस माणसं. इथं काय कमी आहे तुला?"

"माणसं कमी आहेत," तो म्हणाला आणि हसायला गेला. हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेपर्यंत बाई खिडकीबाहेर बघत राहिली.

मग तिनं मुद्द्याला हात घातला. "सोमवारी सरकारी चौकशीवाले येतील तुझा जबाब घ्यायला. वकीलसाहेबांशी बोलणं झालंय माझं. तू एवढंच सांग, पाणी चालूच असायचं. काम लवकर उरकावं म्हणून माणसंच मधूनमधून बंद करायची. बाकी ते बघून घेतील."

धाकट्यानं नाकावरची नळी सरळ केली.

"मी सांगून टाकलंय, ताई."

"कुणाला?"

"पैलवानाला. तिघांनाही. मागच्या आठवड्यात तपासणीला खाली नेलं होतं ना, तेव्हा." तो थांबला, श्वास गोळा केला. "म्हटलं, त्या कागदांवर सह्या माझ्या आहेत. दर महिन्याला खोटं लिहिलं. तुमच्याबरोबर उभा राहून धूळ खाल्ली म्हणून मी काही सुटत नाही."

"काय म्हणाले?"

"एकानं तोंड फिरवलं. एक रडायला लागला. पैलवान म्हणाला, उभा राहता येत असतं तर तुझं नरडं धरलं असतं."

"आणि तू इथं पडून हसतोस! लाज कशी वाटत नाही तुला?"

"वाटते ना. पण ताई, आत शांत आहे. कसं सांगू तुला?" त्यानं डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच बोलत राहिला. "मी प्रभूला म्हटलं, मी भित्रा आहे. ताईला घाबरलो, नोकरी जाईल म्हणून घाबरलो. आणि म्हणताना कळलं, त्यानं ते सगळं आधीच बघितलं होतं. बघूनसुद्धा तो माझ्यासाठी मेला. मग आता लपवायचं कुणापासून? सोमवारी मी खरं तेच सांगणार."

बाई उठून उभी राहिली. "मी तुला वाढवलं. माझ्या तोंडचा घास तुला दिला."

"म्हणून तर आधी तुला सांगतोय."

बाहेर भावजय उभी होती, हातात दुधाचा थर्मास. तिनं आतलं सगळं ऐकलं असावं, पण ती एवढंच म्हणाली, "वन्सं, त्यांच्यावर ओरडू नका. उत्तर द्यायला जातात आणि श्वास पुरत नाही."

बाई खाली आली, गाडीत बसली, आणि घरी पोचेपर्यंत तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ती तिनं शब्दांत मांडली नाही, पण सोमवार उजाडू नये असं तिला वाटत होतं.

शनिवारी भर दुपारी फोन आला. धाकटा गेला होता.

माणूस गेल्याची बातमी कळली की आधी काहीच कळत नाही असं म्हणतात. बाईला कळलं. फोन कानाला असतानाच तिच्या छातीवरून काहीतरी उतरलं, आणि आतून शब्द आला: सुटले. रडू त्यानंतर आलं. चांगलं भरभरून आलं, लोकांनी तिला धरलं, पाणी दिलं. पण आधी तो शब्द आला होता, आणि कोण आधी आलं नि कोण मागून, हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

सोमवारी ठरल्याप्रमाणे चौकशी झाली. वकीलसाहेबांनी आदल्या दिवशी सगळं पढवून ठेवलं होतं. कागदांवर मुकादमाच्या सह्या आहेत. फवाऱ्यांची जबाबदारी मुकादमाची होती. मालकिणीला कल्पना नव्हती. "भाऊ होता तुमचा, वाईट वाटणारच," वकीलसाहेब हळू आवाजात म्हणाले होते, "पण मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. त्याचं काय नुकसान?"

बाईनं जबाब दिला. खाली सही केली.

त्याचं नुकसान झालं नाही, त्याच्या बायकोचं झालं. पेपरात दोन ओळी आल्या, मुकादमाच्या बेफिकिरीनं कामगारांचे बळी गेले म्हणून. आजारी पडलेल्यांच्या घरच्यांनी भावजयीच्या खिडकीवर दगड मारले. ती राहायची त्या गल्लीत दुकानदार तिला सामान द्यायचा, पण सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवायचा. नुकसानभरपाईच्या यादीतून धाकट्याचं नाव काढलं गेलं, कारण दोष त्याचाच ठरला होता. बाईनं तिला पाकीट पाठवलं. ते न उघडता परत आलं. तिनं दुसरं पाठवलं, जाड. तेही परत आलं.

बाईचं खाणं सुटलं. ताटावर बसायची, दोन घास चिवडायची आणि उठायची. मुलगा म्हणाला, "आई, थोडे दिवस कुठंतरी जाऊन ये." तो आता तिशीचा, दगडाचं शोरूम तोच बघायचा, आणि आईसारखाच सरळ चालणारा निघाला होता. ती समुद्राकाठच्या हॉटेलात आठ दिवस राहून आली. जिन्याचा दगड तिच्याच कारखान्यातला होता. चौथ्या दिवसापासून ती लिफ्टनं जायला लागली.

मग तिच्या मनात आलं, की धाकट्यासाठी काहीतरी करावं. तो ज्या चर्चमध्ये जायचा तिथली फरशी जुनी, सिमेंटची, जागोजाग फुटलेली. ती सगळी काढून उत्तम दगड बसवायचा, आणि दाराशी त्याच्या नावाची पाटी.

एका मंगळवारी दुपारी ती तिथं गेली. आत कुणी नव्हतं. पाळक स्टुलावर उभा राहून खिडकीच्या चौकटीला रंग देत होता. सडपातळ, साठीचा माणूस. पाळक होण्याआधी वीस वर्षं त्यानं ट्रक चालवला होता, आणि बोलणं अजून तसंच होतं, आडवळण नसलेलं. धाकट्याला मूठमाती त्यानंच दिली होती. बाईनं आपलं म्हणणं सांगितलं. दगडाचा रंगसुद्धा सांगितला.

पाळकानं ब्रश डब्यात ठेवला नाही. रंग देत देतच म्हणाला, "फरशी ठीक आहे आमची. पाय घसरत नाहीत."

"माझ्या भावाच्या नावानं द्यायचीय."

"पाटीवर काय लिहू?"

"त्याचं नाव."

"आणि खाली? पेपरात आलंय ते?"

बाई तिथल्याच बाकावर बसली. ब्रशचा आवाज तेवढा येत होता.

"त्याची चूक नव्हती," बाई शेवटी म्हणाली.

"मला माहीत आहे. तो मला सगळं सांगून गेला."

"मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?"

"त्यानं विश्वासानं सांगितलेलं मी चौकात कसं मांडू? आणि ते सांगायचं काम माझं नाही." आता पाळक खाली उतरला. हात चिंधीला पुसत तिच्या पुढच्या बाकावर आडवा बसला. "तुमचं आहे."

आणि मग इतके दिवस दाबून धरलेलं बाहेर पडलं. फवारे, महिना, सहा वर्षं, खोटा जबाब. बाई सांगत गेली, आवाज न चढवता, जणू कुणा दुसऱ्याचंच सांगतेय. पण शेवटच्या गोष्टीपाशी आली तेव्हा ती थांबली.

"अजून आहे," पाळक म्हणाला.

"तो गेला तेव्हा..." तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. "तो गेला ते ऐकून मला आधी बरं वाटलं. माझा धाकटा मेला आणि मला बरं वाटलं."

पाळकानं तिला समजावलं नाही. असं होतं, माणूस आहे, वगैरे काही म्हटलं नाही. त्याचे डोळे भरले होते.

"किती द्यावं लागेल?" बाईनं विचारलं. सवयीनं विचारलं. "यातून सुटायला?"

"काही नाही. तीच तुमची अडचण आहे. तुम्ही आयुष्यभर दर ठरवून घेत आलात. इथं दर नाही. ज्यानं भरायचं त्यानं वधस्तंभावर भरून टाकलं, आता तुमच्याकडून घ्यायचं काही उरलं नाही."

"मग काय, असंच घरी जाऊ? कारखाना चालवू?"

"ते मी सांगणार नाही. पण क्षमा घ्यायला हात रिकामे लागतात, बाई. एका हातात खोटं घट्ट धरून ती घेता येत नाही. मी बघितलंय करून."

तो उठला, पुन्हा स्टुलावर चढला, तिच्याकडे पाठ करून रंग द्यायला लागला. तिला एकटं सोडायचं म्हणूनच असेल.

बाईला प्रार्थना आठवेना. लहानपणी पाठ केलेलं सगळं कुठं गेलं होतं कोण जाणे. ती पुटपुटली, "मी मारलं. त्याच्यावर ढकललं. माफ कर म्हणायला मला तोंड नाही. पण दुसरीकडे जाऊ कुठं?"

काही झालं नाही. उजेड पडला नाही, अंग शहारलं नाही. रंगाचा वास येत होता, बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. उठताना तिला शांत वगैरे वाटलं नाही. वाटली ती भीती. पण ती नवी भीती होती. पकडले जाऊ याची नव्हती. आता जायचंच आहे, याची होती.

संध्याकाळी तिनं मुलाला सांगितलं. त्यानं आधी हसून घेतलं, मग दार लावून घेतलं.

"आई, तुझ्याविरुद्ध एक कागद नाही. एक साक्षीदार नाही. सगळं मिटलंय, आणि तू उठून आपल्याच पायावर धोंडा मारायला निघालीस?"

"माझ्याच पायावर मारतेय ना? इतके दिवस दुसऱ्यांच्या छातीवर मारत होते."

"मामा परत येणार आहे का त्यानं?"

"नाही."

"मग? त्या पाळकानं काय भरवलंय तुझ्या डोक्यात? स्वर्गात जागा ठेवतो म्हणाला?"

"त्यानं काही भरवलं नाही रे. होतं तेच बाहेर आलं."

"माझं काय?" आता त्याचा आवाज फुटला. "मी काय खायचं? लोक मला कुणाचा मुलगा म्हणतील?"

ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला गेली, त्यानं तो झटकला. दुसऱ्या दिवशी त्यानं सामान हलवलं.

चौकशी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. वकीलसाहेब जिन्यापर्यंत मागे आले, "निदान चार दिवस थांबा," म्हणत राहिले, आणि शेवटी, "मग माझं नाव यात घेऊ नका," म्हणून परत फिरले. अधिकारी एक तरुण मुलगी होती, सर्दीनं बेजार, टेबलावर रुमालांचा ढीग. तिला आधी वाटलं ही काहीतरी सवलत मागायला आली आहे.

"मागचा जबाब खोटा होता," बाई म्हणाली. "दुसरा लिहून घ्या."

अधिकारी सरळ बसली. "कोणता भाग खोटा होता?"

"सगळा. फवारा बंद होता. सहा वर्षं बंद होता. मी बंद करायला सांगितला."

"लेखी सांगितलंत?"

"तोंडी."

"कुणासमोर?"

"भावासमोर. दुसरं कुणी नव्हतं."

अधिकारी लिहायची थांबली. "बाई, तुम्हाला कळतंय ना? मग तुमच्याविरुद्ध पुरावा काय?"

"मीच."

लिहून व्हायला दोन तास लागले. या वेळी सही करण्याआधी तिनं प्रत्येक ओळ वाचली. बाई जिना उतरून रस्त्यावर आली, आणि चार पावलं चालली असेल नसेल, तिला भूक लागली. साधीसुधी नव्हे, कडकडून. कोपऱ्यावर चहाची टपरी होती. तिनं चहा घेतला, पाव घेतला, चहात बुडवून उभ्याउभ्याच खाल्ला, आणि दुसरा मागितला. शेजारी दोन हमाल होते, ते सरकले आणि त्यांनी तिला बाकड्यावर जागा करून दिली. महिनोन्महिन्यांत अन्नाला चव लागली नव्हती. ती आज लागली. आतली गडबड थांबलेली होती. घर जाणार होतं, मुलगा गेला होता, तुरुंग समोर दिसत होता, आणि आत असं होतं जसं मशीन बंद केल्यावर शेडमध्ये होतं. कान भरून शांत. तिला भावाचं बोलणं आता समजलं, आणि समजलं तेव्हा ते सांगायला भाऊ नव्हता. पाव हातात धरून ती तिथंच रडली. हमालांनी न बघितल्यासारखं केलं.

पुढचं भराभर झालं. कारखान्याला सील लागलं. शेड, घर, शोरूम, जे होतं ते तिनं आजारी कामगारांच्या आणि गेलेल्यांच्या घरांसाठी लिहून दिलं. गुन्हा कबूल केल्यामुळे खटला लांबला नाही. धाकट्याचं नाव कागदोपत्री साफ झालं. पेपरात मात्र ते आलं नाही, कारण तोपर्यंत कुणाला त्यात रस उरला नव्हता.

निकाल लागेपर्यंत राहायचं कुठं, हा प्रश्न होता. एका सकाळी भावजय दारात आली. आत आली नाही.

"माझ्याकडे चला," म्हणाली. "माफ केलंय असं समजू नका. ते सांगून गेलेत, ताईला एकटं पडू देऊ नको. म्हणून."

भावजयीच्या दोन खोल्यांत बाई सात महिने राहिली. पहिले दोन महिने भावजय कामापुरतंच बोलली. भांडी कुणी घासायची, पाणी कुणी भरायचं, तेवढंच. रविवारी दोघी एकाच बाकावर बसायच्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. तिसऱ्या महिन्यात एकदा बाईला ताप आला, तेव्हा कपाळावर घडी ठेवता ठेवता भावजय म्हणाली, "तुमचं कपाळ अगदी त्यांच्यासारखं आहे," आणि मग तोंड फिरवून बसली.

बाई रोज दुपारी जनरल वॉर्डात जायची. चौघांतला आता पैलवान एकटाच उरला होता. तिनं पहिल्या दिवशी पाणी पुढं केलं, त्यानं पेला ढकलून दिला. दुसऱ्या दिवशी शिव्या दिल्या. अर्ध्या शिवीत श्वास संपला आणि उरलेली अर्धी डोळ्यांनी दिली. ती जात राहिली. इतर रोग्यांच्या चादरी बदलायची, कुणाला भरवायची, कुणाचं भांडं धुवायची. त्याच्या खाटेजवळ आली की थांबायची. त्यानं नको म्हटलं की पुढं जायची. महिनाभरानं त्यानं नको म्हणायचं सोडलं. हो असंही कधी म्हटलं नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिला हजर व्हायचं होतं. आदल्या दुपारी ती वॉर्डात आली.

"उद्यापासून मी येणार नाही," ती म्हणाली.

"किती वर्षं?"

"तीन."

"मला तीन महिने पण नाहीत."

"हो."

पैलवानाच्या छातीचा आवाज येत होता, कोरड्या पाल्यावरून कुणी चालावं तसा. "मी तुला माफ करणार नाही, बाई. तुझा देव करत असेल. मी नाही."

"नको करू."

"मग रोज येत कशाला होतीस?"

बाईला खोटं बोलायचं नव्हतं. "सुरुवातीला तू माफ करशील म्हणून यायची. नंतर कळलं, तुला आडवं झोपवत नाही, उशी उंच लागते, आणि ती दुपारची नर्स सारखी खाली सरकवते. मग त्यासाठी यायची."

थोड्या वेळानं त्यानं मान जराशी पुढं केली. तिनं एक हात त्याच्या पाठीमागं घातला, दुसऱ्या हातानं उशी वर घेतली. पूर्वी दोन माणसांचा दगड उचलणारं ते अंग, त्याला काही वजनच नव्हतं.

पैलवान सव्वीस दिवसांनी गेला. भावजयीनं पत्रातून कळवलं. मुलाचं काही कळलेलं नाही, असंही त्यात होतं. तुरुंगात शिवणकामाच्या खोलीत बाईनं ते पत्र दोनदा वाचलं. तिला पैलवानासाठी प्रार्थना करायची होती, पण ज्याला आपणच मारलं त्याच्यासाठी काय मागायचं, हे तिला सुचेना. मग तिनं नुसतं त्याचं नाव घेतलं. पैलवान नव्हे; आईवडिलांनी ठेवलेलं, जे तिनं पगाराच्या कागदावर वर्षानुवर्षं वाचलं होतं आणि तोंडानं कधी उच्चारलं नव्हतं. त्याच्यामागून बाकीच्यांची घेतली. शेवटी भावाचं घेतलं. रडत होती, पण घाबरलेली नव्हती. शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, "घरून वाईट बातमी का गं?"

"हो," ती म्हणाली.

तिनं पत्राची घडी घातली आणि पुढचं कापड सुईखाली सरकवलं.